केजीएफला जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

मेल मिळाली. कोलार गोल्ड फील्ड्सला, कर्नाटकातल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला जायचं ठरवलंस, चांगलं केलंस. पण सोबतची यादी वाचली: क्लब, गोल्फचं मैदान, इंग्रज साहेबांचे बंगले, शाफ्टवरचा, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा, गंजलेला मनोरा आणि शेवटी ‘सूर्यास्ताला सायनाइड टेकडी’. एवढंच बघून येणार असशील, तर त्यावरचा लेख मी आज इथे पुण्यात बसूनच लिहून देतो. प्रवासखर्च तरी वाचेल.

रागावू नकोस. अडचण अशी आहे की, कंपनीच्या गावात टिकून राहतं ते दगडाविटांचं. साहेबाच्या बंगल्याला पक्कं जोतं होतं, म्हणून छप्पर गेलं तरी भिंती उभ्या आहेत. खाणीत उतरणाऱ्यांची सुरुवातीची घरं मात्र तट्टीची, म्हणजे बांबूच्या चटयांची. एकीला एक लागून, रांगेनं. त्यांना ‘कुली लाइन’ म्हणत. चटई शंभर वर्षं कुठून टिकणार? त्यामुळे नुसतं पाहून कल्पना करायला बसलीस की आपोआप साहेबाच्या व्हरांड्यात जाऊन बसशील, हातात चहाचा कप घेऊन. सगळे तिथेच जातात.

म्हणून वाचून जा. साधारण १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर यांच्या कंपनीनं इथल्या खाणी चालवल्या. वर इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले खाणवाले, खाली उत्तर अर्काट आणि चित्तूरकडून आलेले मजूर, त्यांत बहुसंख्य तमिळ दलित. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून इथे वीज आणली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. बेंगळुरूच्या आधी खाणीला वीज, कारण ती यंत्रांसाठी हवी होती. पुढे १९५६ मध्ये म्हैसूर सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या, मग त्या केंद्राकडे गेल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोनं निघालं. ते कुठे गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर परिच्छेद खर्चू नकोस.

खरी कल्पना करायची ती खोलीची. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. त्या तळाशी खडकाचंच तापमान साठ अंशांच्या वर. माणसाला तिथे तासभर उभं राहता यावं म्हणून वरून गार केलेली हवा खाली सोडावी लागे. आणि एवढ्या खोलीवर खडकावर इतका दाब असतो की पोकळी केली की तो कधीतरी फुटतोच. याला रॉकबर्स्ट म्हणतात. मोठा असला तर वर गावात जमीन हादरायची, घरांना तडे जायचे. आता कुली लाइनमधली एक बाई डोळ्यांसमोर आण. भात चुलीवर आहे. फळीवरची भांडी एकदम खणखणतात आणि थांबतात. भूकंप आहे का, हा प्रश्न तिला पडतच नाही. नवरा कोणत्या पाळीला गेलाय, एवढंच ती आठवते, आणि भोंगा वाजतो का म्हणून कान देते. हे मी रचलंय, पण हवेतून नाही. हादरे खरे, पाळ्या खऱ्या. कल्पनेला इतकी मुभा पुरे. त्या बाईला नाव, गाव, लाल साडी आणि डोळ्यांत पाणी देऊ नकोस. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तुझ्या पिढीनं भोंगा ऐकलेला नाही, म्हणून सांगतो.

सायनाइड टेकडीबद्दल. ती टेकडी नव्हे. खडक दळून त्याचं पीठ करायचं, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवून काढून घ्यायचं आणि उरलेला चिखल बाहेर ओतायचा, हे वर्षानुवर्षं केल्यावर जे साचलं ते हे पांढरट ढीग. कित्येक सिनेमांची गाणी इथे चित्रित झाली आहेत. तू सूर्यास्त टीपच, माझी ना नाही. पण वारा सुटला की ती पूड शेजारच्या घरांत शिरते. एखाद्या घरी पाणी माग आणि पाण्याचं भांडं झाकून का ठेवलंय तेही विचार. खाणीत दगडाची धूळ फुप्फुसात घेऊन आलेल्या म्हाताऱ्याच्या घरात वर ही धूळ. ढिगावर चढू मात्र नकोस. बंद शाफ्टच्या आसपासही फिरकायचं नाही. ‘कुंपणाला भोक होतं’ ही सबब मी ऐकणार नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या तुझ्या यादीत असायलाच हव्या होत्या. तमिळ दलित विचारवंत पंडित अयोत्तिदासर यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. त्याची शाखा इथे मारिकुप्पमला होती. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी इथले खाणकामगार पाळी संपवून बुद्धवंदनेला बसत होते. मराठी वाचकासाठी लिहितेस आणि हे गाळून गोल्फवर दोन पानं लिहितेस, हे मला चालणार नाही. चॅम्पियन रीफमधल्या जुन्या बौद्ध मंडळींची चौकशी कर.

दुसरी गोष्ट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. तिच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर याच खाणीत, दोन किलोमीटरहून खाली, उपकरणं बसवली आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही असाच शोध लागला. वरच्या इतर कणांचा गोंधळ थोपवायला एवढा खडक डोक्यावर हवाच होता, आणि तो पोखरून ठेवला होता मजुरांनी. ती अवजड उपकरणं केजमधून, म्हणजे खाणीच्या पाळण्यातून, खाली नेताना कोणाचे हात लागले असतील, ही कल्पना कर की. तिच्यासाठी पडका बंगला लागत नाही.

राहिली गोष्ट ‘ओसाड गावा’ची. तुझ्या मेलमध्ये हे शब्द तीनदा आलेत. रॉबर्टसनपेटचा बाजार बघ आणि मग ते खोडून टाक. कंपनी गेली, माणसं आहेत. खाण बंद झाल्यावर देणी आणि क्वार्टर्सचा घोळ वर्षानुवर्षं चालला आणि पोटासाठी हजारो लोक रोज रेल्वेनं बेंगळुरूला जायला लागले. तू बेंगळुरूहून दुपारी टॅक्सीनं पोचलीस तर कमावती माणसं गावात नसणारच, आणि तुला गाव ओसाड वाटेल. मुक्काम कर. भल्या पहाटे मारिकुप्पम स्टेशनवर जा आणि पहिल्या गाडीत बस. चॅम्पियन, ऊरगाम, कोरोमंडल, बंगारपेट करत बेंगळुरूपर्यंत जा. शेजारी बसलेल्या मुलाचा आजा बहुतेक खाणीत असणार. तू विचारलंस तर तो सांगेल, झोप लागली असेल तर उठवू नकोस. तमिळ जाणणारं कोणीतरी बरोबर घे.

लेख झाला की आधी तिथल्याच कोणाला तरी वाचून दाखव, मग मला पाठव. शब्दमर्यादेची काळजी करू नकोस, कापायला मी आहे.

तुझा,
काका