लेस्टरला येणाऱ्या ताईंसाठी: राखीव जागा विसरून या, जात विसरून येऊ नका

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या कॉलेजात समान संधी केंद्र सहा वर्षं सांभाळलंय, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये लेस्टरला यायचंय, तर इथल्या एफई (फर्दर एज्युकेशन) कॉलेजात ईडीआयचं नेतृत्व करायला मिळेल का. (ईडीआय म्हणजे समता, विविधता, समावेशन. आपल्या ईडीशी संबंध नाही. माझ्या सासूबाई पहिले सहा महिने घाबरून होत्या.)

मिळेल, पण आल्या आल्या नाही. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते, ती अडचण नाही. अडचण अशी की निव्वळ ईडीआयची पदं मोजकीच असतात, बऱ्याचदा ते काम एचआरच्या नाहीतर विद्यार्थी सेवेच्या माणसाच्या गळ्यात असतं. मी इसॉलच्या, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गात मदतनीस म्हणून लागले आणि तिथून चार वर्षांनी ईडीआयकडे सरकले.

एफई म्हणजे आपलं आयटीआय, ज्युनिअर कॉलेज आणि रात्रशाळा एकाच छपराखाली. सोळा वर्षांचा प्लंबिंगवाला पोरगा आणि पन्नाशीची सोमाली आजी एकाच कँटीनमध्ये जेवतात.

पहिल्याच मुलाखतीत मी तोंडावर पडले. प्लंबिंगला मुली का नाहीत, असं विचारल्यावर मी बेधडक म्हणाले, काही जागा राखून ठेवू. पॅनेल गप्प. मग एक बाई हळूच म्हणाल्या, ते बेकायदेशीर ठरेल. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ला मुभा आहे: मुलींसाठी वेगळा ओळखवर्ग घ्या, शाळांत जाऊन सांगा. नोकरीत दोन उमेदवार सारख्याच लायकीचे असतील, तरच कमी प्रतिनिधित्व असलेल्याला झुकतं माप देता येतं, तेही प्रकरणागणिक विचार करून. कोटा नाही. अपंगत्वाचा मात्र अपवाद: अपंग व्यक्तीला जास्त सवलत दिली म्हणून इतरांना भेदभावाची तक्रार करता येत नाही. आरक्षणाच्या मुशीत घडलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो. मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

मग रोजचं काम काय? आकडे आणि वेळापत्रक. कॉलेजांवर सार्वजनिक संस्था म्हणून समता-कर्तव्य आहे. दरवर्षी माहिती जाहीर करायची, निदान चार वर्षांतून एकदा उद्दिष्टं ठरवायची. आमच्या इसॉलच्या एका वर्गाची हजेरी सतत लाल दिसायची. शिक्षक म्हणायचे, या बायकांना गांभीर्यच नाही. वर्ग नऊला, आणि मुलांच्या शाळेचं फाटक उघडतं पावणेनऊला, तेही बसने वीस मिनिटांवर. वर्ग साडेनऊचा करून घ्यायला मला दोन सत्रं आणि सात बैठका लागल्या. हजेरी सुधारली. ‘नेतृत्व’ म्हणतात ते हेच, बाकी पोस्टर कुणीही लावतं.

आता जातीचं. कायद्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्यं आहेत, म्हणजे ज्यांवरून भेदभाव करायला बंदी आहे; त्यांत वंश आहे, पण जात स्वतंत्र नाही. 2013 मध्ये संसदेने सरकारला ती घालायला सांगितलं होतं, 2018 मध्ये सरकारने नकार दिला, न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत म्हणून. 2014 साली एका घरकामगार स्त्रीच्या खटल्यात अपिली न्यायाधिकरण म्हणालं होतं की जात काही वेळा वांशिक मूळाखाली येऊ शकते. फॉर्मवर मात्र आपण सगळे ‘एशियन, इंडियन’ या एकाच चौकटीत. आणि स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात आपलाच देशी सहकारी गोड हसून विचारतो, “आडनाव काय? म्हणजे मूळचे कुठले?” गोऱ्या मॅनेजरला त्यात काहीच दिसत नाही. ते दाखवून देणारं माणूस इथे हवंय, आणि तुम्हाला ते शिकवावं लागणार नाही. इथेच तुम्ही इतरांपेक्षा उजव्या ठराल.

सीव्हीत ‘समान संधी केंद्र प्रमुख’ एवढंच लिहिलंत तर कुणाला काही कळणार नाही. किती मुली गळायच्या, तुम्ही काय बदललं, मग किती टिकल्या, ते लिहा. आणि पोलीस क्लिअरन्स पुण्यातूनच काढून आणा. इथून काढताना माझे दोन महिने गेले, आणि तेवढ्यात ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.