खिडक्या गरम ठेव, भावा
भावा, आरशांमधलं अंतर बारकाईनं मोजायला तू ॲनोमलस डिस्पर्शन (प्रकाशाची वारंवारता वाढली की अपवर्तनांक घटतो, ते) वापरायचं म्हणतोस; त्याचं गणित कागदावर लई गोड दिसतं. ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा स्पंद किती मंदावतो तो आकडा) शून्याकडं नेला की आरशांमधलं अंतर जरासं हललं तरी रेझोनन्स, म्हणजे त्यांच्यामध्ये घुमणाऱ्या प्रकाशाची वारंवारता, लांब सरकतो. पण बाहेरून प्रकाश सोडलेल्या आरशांच्या पोकळीत रेझोनन्सची रेषाही जवळपास तितकीच रुंदावते, मग फायदा गेला पंचगंगेत! त्यापेक्षा रिंग लेसरकडं वळ, त्यात प्रकाश आरशांच्या वळशात फिरत आतच तयार होतो. आणि शोषणरेषेच्या मधोमध बसू नकोस, ती प्रकाशच गिळते. दोन रामन गेन शिखरांमधली (पंप लेसरच्या जोरावर वाफेत प्रकाश वाढतो, त्या दोन वारंवारतांमधली) दरी घे. २००० साली सीझियमच्या वाफेत तसंच केलं होतं.

प्रकाश ज्यातून जाणार त्या रुबिडियमच्या वाफेच्या नळीचं तापमान आधी सांभाळ. मी उद्यमनगरातनं नळी तापवायला ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला, त्यात खिडक्या थंड राहिल्या आणि काचेवर धातूची चंदेरी साय धरली. आठवडा पाण्यात. खिडक्या नळीच्या मधल्या भागापेक्षा चार अंश गरमच असू देत.