ग्रीक पुतळ्यांवरून पेंटिंग करतोय पण नुसती कॉपी वाटते, काय करू?

अहो, कॉपीचं टेन्शन घेऊच नका, कारण आपण ज्याला ग्रीक शिल्प म्हणतो त्यातलं बरंचसं मुळात कॉपीच आहे. व्हॅटिकनमधला अपोलो देवाचा पुतळा, अपोलो बेल्वेडेअर, बघा, तो रोमन काळातला संगमरवरी, मूळ ग्रीक ब्राँझचं होतं असं मानतात आणि ते कधीच गायब झालंय.

लोचा वेगळाच आहे. आपण पुतळा रंगवत नाही, पुतळ्याचा फोटो रंगवतो. पांढरा दगड, काळं बॅकग्राउंड, एका बाजूने लाइट, वर निऑन गुलाबी रंगाचे दोन फराटे मारले की झालं कंटेम्पररी! इन्स्टावर असली ढिगाने पडलीयेत, मला तर जाम कंटाळा आलाय.

त्यापेक्षा इटालियन चित्रकार दे किरिकोचं 'साँग ऑफ लव्ह' (1914, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे) झूम करून बघा. ह्याच अपोलोचं डोकं भिंतीवर, शेजारी खिळ्याने ठोकलेला लाल रबरी हातमोजा, खाली हिरवा बॉल. मोजा जवळपास डोक्याएवढा, बोटं लोंबतायत, आणि त्याला देवाइतक्याच मन लावून रंगवलंय. पुतळ्याला हात न लावता फक्त त्याचा शेजार बदलला, बास! स्पॅनिश चित्रकार दालीने 1968 ते 70 मध्ये बुलफायटरचं भलंमोठं चित्र केलं, त्यात व्हीनस दी मायलो (हात तुटलेला तो प्रसिद्ध ग्रीक पुतळा) परत परत येते आणि तिच्याच अंगातून त्या माणसाचा चेहरा दिसायला लागतो, तिची छाती म्हणजे त्याचं नाक. सुचलं कुठून, तर व्हीनस ब्रँडच्या पेन्सिलींच्या खोक्यावरून. (म्हणजे रेफरन्स कुठूनही घ्या, बघता आलं पाहिजे.)

रंगाचं म्हणाल तर हे पुतळे मुळात पांढरे नव्हतेच. ब्रिंकमान नावाच्या जर्मन संशोधकाने उरलेल्या रंगाच्या खुणांवरून रंगीत प्रतिकृती केल्या, 2003 मध्ये म्युनिकला त्यांचं प्रदर्शन झालं. त्यातला ईजिना या ग्रीक बेटावरच्या मंदिराचा तिरंदाज शोधा, अंगाला घट्ट विजार आणि तिच्यावर भडक चौकटी, थेट पेणच्या कारखान्यातून निघाल्यासारखा. हे पाहिल्यावर पांढऱ्या रंगाची ट्यूब बाजूलाच ठेवावीशी वाटते.

जमलं तर फोटो सोडा आणि एखाद्या आर्ट स्कूलमध्ये प्लास्टरचं डोकं असेल तर त्याच्यासमोर बसा, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये पोरं पिढ्यान्‌पिढ्या असंच ड्रॉइंग शिकली. आणि कॅनव्हासला आधी गेरूचा पातळ वॉश मारा, म्हणजे पांढरा कुठे गार आणि कुठे पिवळट ते आपोआप मिसळावं लागतं.