बाहुली, तंगडी आणि मोठा आवाज

तुझा प्रश्न असा: परळच्या एका हॉस्पिटलात पीडियाट्रिक्सचं एमडी केलंयस, पाल्सचं (मुलांचा जीव वाचवायच्या अमेरिकन कोर्सचं) कार्ड आहे, प्लॅब वन, म्हणजे परदेशी डॉक्टरांना इंग्लंडमध्ये द्यावी लागणाऱ्या परीक्षेचा पहिला भाग, सुटलीय. आणि इंग्लंडला निघायच्या बेतात असताना कुणीतरी घाबरवलंय की तिकडे सगळं सिम्युलेशनवर, म्हणजे खोट्या पेशंटवरच्या सरावावर चालतं, बाहुलीसमोर उभं करतात आणि आपली मुलं तिथे आपटतात. तर मुंबईतच एखादा महागडा सिम्युलेशन कोर्स करून निघावं का?

मीही परळहूनच आले. सात वर्षं झाली. सध्या मिडलँड्समधल्या एका हॉस्पिटलात आहे आणि महिन्यातून एकदा ज्युनियर्सचं सिम्युलेशन मीच घेते. म्हणजे आपटलेय मी आणि आता इतरांना आपटताना बघतेही. कोर्सवर पैसे घालू नकोस. का, ते जरा सविस्तर सांगते.

पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. ट्रेनिंग रूममध्ये ट्रॉलीवर सिमबेबी नावाची बाहुली ठेवलेली, नऊ महिन्यांच्या बाळाएवढी. छाती वरखाली होते, टाळू चाचपता येते, रडते, ओठ निळे पडतात. काचेपलीकडे एक जण लॅपटॉपवर तिची पल्स आणि सॅच्युरेशन बदलत बसलेला. मला सांगितलं, दोन दिवस जुलाब-उलट्या, सकाळपासून सुस्त. सोबत वॉर्डातली खरीखुरी नर्स, दोन वर्षांपूर्वी पास झालेला एक ज्युनियर डॉक्टर आणि बाळाची 'आई' झालेली एक बाई.

जुलाबाने सुकलेलं बाळ म्हणजे आपला रोजचा वरणभात. पावसाळ्यात एका इमर्जन्सीला अशी पाच-पाच बघितलेली. मी थेट कामाला लागले. त्वचा दाबून कॅपिलरी रिफिल बघितलं, शिरेत लाइन मिळेना, नडगीत आयओ, म्हणजे हाडातून सलाइन द्यायची सुई, घातली, सिरिंजने सलाइनचा बोलस ढकलायला लागले. तीन मिनिटंही झाली नसतील. मनात म्हटलं, घ्या, बघा मुंबईचा हात. तेवढ्यात बाहुलीची पल्स गेली. नर्सने छाती दाबायला घेतली, मी अँब्यू, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, उचलली, मॉनिटरकडे बघत 'अॅड्रेनालिन' म्हटलं आणि ते कुणी भरलं हे बघितलंही नाही. बाहुली शेवटी वाचली. म्हणजे लॅपटॉपवाल्याने वाचवली, सहसा तिला मरू देत नाहीत.

मग सगळे खुर्च्या गोल करून बसलो. डीब्रीफ. मी राउंडला उभं राहतात तशी मान खाली घालून तयार, आता झाडणार. सिम्युलेशन घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, सॉरी. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? पुढे त्यांनी नर्सला विचारलं की डॉक्टरच्या डोक्यात काय चाललंय ते तुला कळत होतं का. ती म्हणाली, अजिबात नाही, आणि ग्लुकोज १.८ आहे हे मी दोनदा सांगितलं. ज्युनियर म्हणाला, मी हातमोजे घालून कोपऱ्यात उभा होतो, मला कुणी कामच दिलं नाही. आणि २२२२ ला, म्हणजे इथल्या हॉस्पिटलांतल्या अरेस्टच्या (हृदय बंद पडलं की फिरवायच्या) नंबरला, फोन कुणीच केला नव्हता.

ते १.८ मला ऐकू आलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही. इथे शुगर मिलिमोलमध्ये सांगतात. आपल्या मिलिग्रॅमसाठी १८ ने गुण, ३२ होतात. 'शुगर ३२' असं कुणी ओरडलं असतं तर झोपेतसुद्धा माझा हात डेक्स्ट्रोजकडे गेला असता. तेव्हा तुला पहिलं काम देते: आजपासून वॉर्डात दिसेल ती प्रत्येक शुगर मनातल्या मनात १८ ने भाग.

दुसरं काम अवघड आहे. बोलायला शीक. आपल्या वॉर्डात इमर्जन्सीला बोलावं लागतच नाही गं. जुन्या सिस्टरना तुझ्याआधी कळलेलं असतं, वॉर्डबॉय मामा न सांगता ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणतात, एक ज्युनियर रेसिडेंट लाइन बघतो, दुसरा रक्त घेऊन पळतो. सगळं नजरेने चालतं, कारण तीच माणसं रोज तेच करतात. इथे दर शिफ्टला माणसं वेगळी. अरेस्टला धावून आलेला भूलतज्ज्ञ तुला जन्मात पहिल्यांदा बघत असतो. तुझ्या मनातलं त्याला कसं कळणार? म्हणून मोठ्याने म्हणायचं: मला हा शॉक वाटतोय, लाइन मिळत नाही, मी आयओ घालतेय, दोन मिनिटांनी पुन्हा बघू. औषध सांगताना माणसाचं नाव घेऊन, डोस मिलिलिटरमध्ये. त्याने तो परत म्हणून दाखवायचा आणि दिला की 'दिला' म्हणायचं. सुरुवातीला नाटकात काम केल्यासारखं वाटतं. गिरगावातल्या गणेशोत्सवात स्टेजवर चढलेली असशील तर उपयोग होईल, थट्टा नाही करत.

मदत मागणं हाही त्याचाच भाग. रात्री दोनला लेक्चररला उठवलं तर सकाळी काय ऐकावं लागतं ते तुला मी सांगायला नको. इथे उलटं आहे. अवघड केस असून कन्सल्टंटला उठवलं नाही, तर सकाळी ते विचारतात का नाही उठवलंस. सिम्युलेशनमध्ये फोन ठेवलेला असतो तो याचसाठी, आणि पलीकडे खरोखर कुणीतरी उचलतं. आपली मुलं त्या फोनला हात लावत नाहीत. एकाने तर मला विचारलं होतं, फोन केला तर मार्क कापतात का.

या सगळ्याचं मूळ आपल्या धंद्यात नाही, विमानात आहे. कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे धडे स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने १९८०च्या दशकाच्या शेवटी ऑपरेशन थिएटरमध्ये आणले. बाहुली त्याहून जुनी. नॉर्वेत आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्याने १९६० मध्ये सीपीआरसाठी पहिली बाहुली बनवली, आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडली असं म्हणतात त्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. सिमबेबी त्याच कंपनीची.

आणि इथे बाहुल्यांचं इतकं का, तेही समजून घे, म्हणजे न्यूनगंड येणार नाही. लसीकरण चांगलं, मुलं कमी आणि तशी धडधाकट, वर डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा. इथल्या ट्रेनीने वर्षभरात खरा अरेस्ट एखादाच बघितलेला असतो. तू ईएमएसला, आपल्या इमर्जन्सी वॉर्डात, एका महिन्यात बघितलेस तेवढे त्याला कदाचित कधीच दिसणार नाहीत. म्हणून त्याला बाहुली लागते. तुला ती वेगळ्या कारणासाठी, बोलायला शिकायला, लागणार आहे.

आता तपशिलातले फरक, कारण पाल्स पाठ असलेली माणसं नेमकी इथे अडकतात. पाल्समध्ये आपण आधी छाती दाबतो. इथे मुलांमध्ये आधी ५ श्वास, मग छातीच्या १५ दाबांना २ श्वास. विजेचा शॉक पाल्समध्ये किलोला २ ज्यूल, मग ४. इथे पहिल्यापासून ४. बोलस १० मिली किलोला, आणि प्रत्येक बोलसनंतर परत तपासायचं. श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला इथे आधी ५ लांब श्वास देतात, प्रत्येकी २ ते ३ सेकंद धरून. तुझा हात एनआरपीच्या (नवजातांसाठीच्या आपल्याकडच्या कोर्सच्या) लयीत चालेल, भरभर, आणि शेजारची मिडवाइफ तुझ्याकडे बघेल. अॅड्रेनालिनचा डोस तोच, किलोला १० मायक्रोग्रॅम, पण आपल्यासारखी अँपूल फोडून १० मिली करत बसायचं नाही, १:१०,००० ची भरलेली सिरिंजच ट्रॉलीत असते. किलोला ०.१ मिली. अँब्युलन्स येतेय असा फोन आला की मूल पोचायच्या आत वजन, ज्यूल, ट्यूब, फ्लुइड, लोराझेपाम, अॅड्रेनालिन, ग्लुकोज हे आकडे फळ्यावर लिहून ठेवायचे. याला वेटफ्लॅग म्हणतात. ही सवय मात्र आत्तापासून लाव, मुंबईतही कामाची आहे.

कोर्सचं बोलायचं तर इथे चालतात ते एपीएलएस (मुलांसाठीचा) आणि एनएलएस (नवजातांसाठीचा). दोन्ही चार वर्षं चालतात, पाल्सचं कार्ड दोनच. नोकरी लागली की बहुतेक ठिकाणी स्टडी बजेटमधून होतात. तिथून खिशातले पैसे घालून येण्यात काहीच अर्थ नाही.

त्यापेक्षा हे कर. खाटकाकडून कोंबडीच्या तंगड्या घेऊन ये, दुपट्यात गुंडाळ आणि आयओ घालायचा सराव कर. हाडात शिरताना सुईचा अडसर एकदम सुटतो, तो हाताला कळला पाहिजे. (आमच्या घरी आई अजून त्या रविवारबद्दल बोलते.) डिपार्टमेंटच्या कपाटात पाणी भरायची निओनॅटली बाहुली नक्की पडून असणार, आणि किल्ली नक्की लेक्चररकडे असणार. माग. पाणी भरल्यावर दोनेक किलोची होते आणि हातात खऱ्या बाळासारखी लोंबते. दुपारी ओपीडी संपल्यावर पाच मिनिटं सिस्टर आणि मामांना घेऊन ड्रिल कर. मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड कर आणि रात्री डोंबिवली फास्टमध्ये ऐक. तू किती वेळा कुणाचं नाव घेतलंस? किती वेळा नुसतं 'अरे, कुणीतरी सक्शन द्या' म्हणालीस? माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 'कुणीतरी' नऊ वेळा होतं.

अशा ड्रिलमधून वॉर्डाचे घोळही बाहेर पडतात. इथे आम्ही चालू वॉर्डातच सिम्युलेशन करतो. एकदा आयओची सुई हाडात घालायचं यंत्र मिळालं पण सुया दुसऱ्याच मजल्यावरच्या ट्रॉलीत. बाहुलीमुळे कळलं ते बरं झालं.

उरले नट. प्लॅब टू मँचेस्टरला असते, आठ-आठ मिनिटांची स्टेशन्स, आणि समोरचा पेशंट किंवा आई म्हणजे पगारी नट. 'काळजी करू नका, आम्ही आहोत' इथे चालत नाही. बसायचं, त्यांना काय माहीत आहे ते आधी विचारायचं, मग एक वाक्य सांगून थांबायचं. ते थांबणं मला सगळ्यात जड गेलं. आठ वर्षांचं मूल समोर असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं, आईशी नंतर. आणि अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर मारहाणीची शंका घ्यायची, तो विषय टाळायचा नाही, कितीही संकोच वाटो.

यावं की नाही, हा तुझा खरा प्रश्न नव्हता, पण सांगून टाकते. ट्रेनिंगच्या जागांसाठी चुरस फार वाढलीय. पूर्ण एमआरसीपीसीएच (तिथली बालरोगाची पदव्युत्तर परीक्षा) असेल तर रजिस्ट्रेशनला प्लॅब लागत नाही. आणि दोन वर्षं शिकून परत जायचं असेल तर एमटीआयची (परदेशी डॉक्टरांसाठीच्या तात्पुरत्या ट्रेनिंगच्या योजनेची) वाट आहे, ती नीट बघ. सिम्युलेशन शिकायला म्हणून कुणी इंग्लंडला यायची गरज नाही.

प्लॅब टूची तारीख मिळाली की कळव. रविवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळी असते, व्हिडिओ कॉलवर ये. मी आई होईन, माझ्या बाळाला एनआयसीयूत हलवायचंय हे तू मला सांगायचं. आधीच सांगून ठेवते, मी रडणार आहे.