फायबरची होडी घरच्या घरी रंगवता येते का?

हो, नक्की येते. पण खरी मेहनत घासण्यात आहे. होडी गोड्या पाण्याने धुवा, थिनरच्या फडक्याने पृष्ठभागावरचं मेण (साच्याचं किंवा पॉलिशचं) पुसा, मगच पॉलिश पेपर घ्या. आधी घासलंत तर मेण ओरखड्यांत बसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पाणी शिंपडून बघा: थेंब गोल होऊन थांबले तर मेण अजून आहे. १२० नंबरच्या पेपरने घासून इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर), तो २२० ने हलका घासून टू-पॅक पीयूचे (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) दोन पातळ हात. पाण्याखालच्या भागाला अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग. कोकणात होडी पावसाळ्यात वर ओढलेली असते, तेव्हाच रंगवायचा मोह होतो. कृपा करून टाळा, दमट हवेत चमक मरते. आणि घासताना रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावाच.