प्येरोगी, पिरोग आणि आपलं 'पिणे'

प्रश्न असा: पोलंडचे 'प्येरोगी', म्हणजे करंजीसारखे सारण भरलेले पिठाचे नग, पाण्यात उकडतात, रशियातला 'पिरोग' भट्टीत भाजतात. मग नाव एकच कसं? आणि पोलिश मेन्यूतले 'प्येरोगी रुस्क्ये' रशियन असतात का?

शब्द एकच आहे. पोलिशमध्ये एक नग म्हणजे 'प्येरूग', आणि 'प्येरोगी' हे अनेकवचन. (आपण 'करंजी'च्या चालीवर 'एक प्येरोगी' म्हणून जातो, ते यामुळेच चुकतं.) स्लोव्हाकमध्ये 'पिरोही', तेही उकडलेले. रशियन पिरोग मात्र सारण भरलेला मोठा भाजीव प्रकार. त्याचा लहान भाऊ 'पिरझोक' भाजतात किंवा तळतात.

या शब्दात शिजवण्याची रीत नाहीच, प्रसंग आहे. जुन्या स्लाव्हमध्ये, म्हणजे पोलिश, रशियन वगैरेंच्या पूर्वज भाषेत, 'पीर' म्हणजे मेजवानी. रशियनमध्ये तो अर्थ अजून आहे आणि क्रोएशियनमध्ये 'पीर' म्हणजे लग्नाची मेजवानी. हा 'पीर' आला 'पीति' या क्रियापदावरून, म्हणजे पिणे. संस्कृत 'पिबति', आपलं 'पिणे' आणि हे क्रियापद एकाच मुळाचे. घडणही स्वच्छ आहे: 'दाति' (देणे) पासून 'दार' (भेट), तसा 'पीति'पासून 'पीर'. त्याला 'ओग' प्रत्यय लागून झाला पिरोग, मेजवानीचा पदार्थ. फास्मर यांच्या रशियन व्युत्पत्तिकोशातही तो 'पीर'शीच जोडलेला आहे.

पिण्याच्या शब्दातून खाण्याचा पदार्थ निघाला, याचं नवल मराठी माणसाला तरी वाटू नये. 'चहाला या' म्हणतो तेव्हा आपण पोह्यांचंही आमंत्रण देत असतो.

दुसरी एक व्युत्पत्ती सांगतात आणि ती मोहक आहे. क्रोएशियन, सर्बियनमध्ये 'पीर' म्हणजे एक जुना गहूसुद्धा, आपल्या खपलीसारखा दाण्याला टरफल चिकटून राहणारा. ग्रीक 'पूरोस' (गहू) त्याच्याच नात्यातला. पदार्थ पिठाचा, मग नाव गव्हावरूनच असणार, नाही का? पण इथे स्वर आडवा येतो. गव्हाच्या शब्दातला 'ई' मुळात वेगळा होता, जीभ मागे ओढून केलेला. दक्षिणेकडच्या स्लाव्ह भाषांत दोन्ही 'ई' एक झाले, म्हणून तिथे दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात. पोलिशने भेद जपला आहे. त्या गव्हाच्या शब्दाचा पोलिश वंशज म्हणजे 'पेश', शेतात माजणारं एक चिवट गवत. त्यात 'पे' आहे, 'प्ये' नाही. शब्द गव्हावरून आला असता तर आज पोलिश माणूस 'पेरूग' म्हणाला असता. तो 'प्येरूग' म्हणतो. एवढ्या एका 'य'वर निकाल लागतो, आणि व्युत्पत्तीत मला सगळ्यात आवडतात त्या अशाच जागा.

लिथुएनियन 'पिरागास', एस्टोनियन 'पिरुकास' आणि फिनिश 'पीराक्का' हे शेजाऱ्यांनी उसने घेतलेले, आणि तेही भट्टीतलेच. युक्रेनियन भाषेने मात्र वाटणी करून टाकली: भाजलेला तो 'पिरीह', उकडलेले ते 'वरेनिकी'. हे नाव 'वारिती', म्हणजे पाण्यात उकळणे, यावरून. तरी पश्चिम युक्रेनच्या गालिसियात उकडलेल्यांनाही 'पिरोही' म्हणतात. तिथून कॅनडात गेलेल्यांनी तोच शब्द सोबत नेला.

आता 'रुस्क्ये'. बटाटा, ताजं चीज आणि परतलेला कांदा यांचं हे सारण. रशियाशी त्याचा संबंध नाही. रशियनला पोलिशमध्ये 'रोसिस्क्ये' म्हणतात. 'रुस्क्ये' म्हणजे 'रूस'चे, आणि इथे रूस म्हणजे आजचा पश्चिम युक्रेन व त्याला लागून असलेला पोलंडचा आग्नेय भाग. 2022 साली युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमधल्या काही उपाहारगृहांनी गैरसमज नको म्हणून पाटीवर 'प्येरोगी उक्राइन्स्क्ये' लिहिलं. भूगोल पाहिला तर जुनं नावही तेच सांगत होतं.