जोंगाचे पैसे तर कधीच गेले

पिंपरी-चिंचवडहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 57, खासगी कारखान्यात सुपरवायझर, पुढच्या वर्षी निवृत्ती. वडील लष्करात ड्रायव्हर होते, जोंगा चालवायचे, म्हणजे लष्कराची ती जुनी जीपसारखी गाडी. यांना तशीच एक जोंगा घेऊन पुन्हा उभी करायची आहे. गाडी 4 लाखांना मिळते आहे आणि मिस्त्रीने कामाचे 5 लाख सांगितलेत. प्रश्न एकच: हे 9 लाख पीएफमधून काढावेत की कर्ज घ्यावं? शिवाय, 'जुन्या मिलिटरी गाड्यांचे भाव वाढतात, म्हणजे ही गुंतवणूकच ना?'

पत्राच्या तळाशी जमाखर्च आहे. निवृत्तीला पीएफ 38 लाख, ग्रॅच्युइटी 11 लाख, बँकेत 6 लाखांची ठेव, घरखर्च महिना 45 हजार, पेन्शन 5 हजारांच्या आसपास. आणि शेवटी सहज लिहिलेली एक ओळ: 'बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी वर्षाला 3 लाखांची एफडी करून दिली आहे, सोबत विमा फुकट. दोन हप्ते भरले, तिसरा नोव्हेंबरमध्ये.'

काका, एफडीला हप्ते नसतात.

तुम्ही जोडलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. ही एंडोमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी आहे. मुदत 15 वर्षं, हप्ते 10 वर्षं, विमा रक्कम 30 लाख. म्हणजे तुमचा पगार थांबल्यानंतरही तुम्हाला दर नोव्हेंबरला 3 लाख भरायचे आहेत, वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत. साहेबांना तुमचं वय माहीत होतं आणि निवृत्तीची तारीखही. ओळखीचेच होते ना!

मुदतीनंतर मिळतील म्हणून तुम्हाला दाखवलेले 42 लाख हे कंपनीच्या तक्त्यात 8 टक्के परतावा गृहीत धरलेल्या रकान्यातले आहेत. शेजारी 4 टक्क्यांचा रकाना असतो, त्यावर बोट ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. तरी 42 च धरू. 30 लाख भरून 15 वर्षांनी 42 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के. त्यातच 'फुकट' विम्याचे पैसे कापलेले आहेत.

पण परताव्यापेक्षा मोठी अडचण रोख पैशाची आहे. 6 लाखांची ठेव अडीअडचणीला बाजूला ठेवू. उरले 49 लाख. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालायचे. 60 पूर्ण नसली तरी नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला 55 नंतर ती घेता येते, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत. 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार झाले. पेन्शन धरून साडेपंचवीस. खर्च 45, म्हणजे महिना 20 हजारांची खोट, वर्षाला 2.4 लाख. ती उरलेल्या 19 लाखांतून भरायची. 7 टक्के व्याज धरलं तर हे 19 लाख बारा वर्षं पुरतात. महागाई धरली तर बरेच कमी. त्यातच पॉलिसीचे 3 लाख घाला, चार वर्षांत डबा रिकामा. हप्ते तर आठ बाकी आहेत.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. वाटा दोन राहतात. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या किमान 30 टक्के, म्हणजे 1.8 लाख मिळतील. 4.2 लाख पाण्यात. तुमची जोंगा 4 लाखांचीच आहे ना? तिचे पैसे कधीच गेलेत, फक्त ती तुमच्या दारात उभी नाही.

दुसरी वाट पेड-अप. हप्ते बंद, पॉलिसी चालू, विमा रक्कम दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात 6 लाखांवर येते आणि ती 13 वर्षांनी हातात पडते. आज मिळालेले 1.8 लाख 7 टक्क्यांनी तेवढ्या काळात सव्वाचार लाखांच्या आसपास होतील. म्हणजे इथे पेड-अप बरी. सरेंडरचे अडीच लाखांहून जास्त मिळत असतील तरच मोडा. नव्या नियमांनी काही पॉलिसींना किमानपेक्षा जास्त मिळतं. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, तोंडी नको.

त्याच पत्रासोबत तक्रारही करा: एफडी सांगून विमा विकला. प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. त्यात तुमचं उत्पन्न आणि निवृत्तीचं वय काय लिहिलंय ते बघा, अशा अर्जांत बऱ्याचदा गंमत सापडते. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि फी लागत नाही. पैसे परत येतीलच अशी आशा मात्र धरू नका. पॉलिसी घेताना खात्री करायला कंपनीचा फोन येतो, त्यावर तुम्ही 'हो, हो' म्हटलेलं असणार.

आणखी एक. 'मेडिक्लेम कंपनीचा आहे' असं लिहिलंय. तो निवृत्तीच्या दिवशी संपतो. दोघांचा स्वतःचा आत्ताच काढा. आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं आजपासून मोजायला लागू द्या.

आता जोंगा. ती गुंतवणूक नाही, हा विषय इथेच संपवू. 9 लाख घालून 5 ला विकली गेली तरी नशीब म्हणा. त्यातून तुम्हीच लिहिता की गाडीत नंतर डिझेल इंजिन टाकलंय. जोंगाची किंमत त्या जबलपूरच्या सहा सिलिंडर, चार लिटरच्या निसान पेट्रोल इंजिनात. तेच गेलं तर उरतो पत्रा, आणि तोही फ्लोअरला सडलेला असतो. आरसी पुस्तकावर इंधन काय लिहिलंय आणि इंजिन नंबर जुळतो का, हे आधी बघा. बदलाची नोंद नसेल तर पासिंगला अडकाल. व्हिंटेजच्या नंबरचा आधारही नाही, त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात, तुमची गाडी 1994 ची. मिस्त्रीचे 5 लाख मी 7 धरतो. पत्रा उघडल्याशिवाय त्यालाही कळत नाही. मूळ इंजिनाची मिळाली तरी लिटरला चार-पाच किलोमीटर, म्हणजे वर्षाला नुसतं 2,000 किलोमीटर फिरलात तरी पेट्रोलचे 50 हजार धरा.

तेव्हा पीएफ नको, कर्ज तर नकोच, आणि ही गाडीही नको. पण वडिलांची आठवण ही उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरचे 3 लाख वाचतील, त्यातून मेडिक्लेमचे 50-60 हजार गेले तरी 2.4 लाख उरतात. तुमच्या मित्राला निम्मी भागीदारी हवी आहे असं लिहिलंय, त्यांचेही तेवढेच धरा. पावणेपाच लाखांत कागद स्वच्छ असलेली, चालती, मूळ इंजिनाची गाडी शोधा. नाहीच मिळाली तर थांबा, घाई कुणाला आहे? मिळालीच तर आधी ब्रेक आणि फ्लोअर करा, बाकी सावकाश. कुणाच्या नावावर, खर्च कसा वाटायचा, हे कागदावर लिहून घ्या. मैत्री गॅरेजच्या बिलावर तुटते.

आणि रंगाचे पैसे इतक्यात देऊ नका. वडिलांच्या गाडीचा तो ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या वाहनांनाच लावता येतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट आहे. मिस्त्री 'चालतं हो' म्हणेल. विमावाले साहेबही तेच म्हणाले होते.